जाणाऱ्याची शिदोरी

काकू: एकतीस?

दशांश: आकड्याकडे बघू नका, काकू. खाली सही करा आणि चला. बाहेर सगळी टीम केक घेऊन उभी आहे.

काकू: राहू दे उभी. केकला काही पाय फुटत नाहीत. एका महिन्यात माझ्या नावावर एकतीस चुका? एकोणीस वर्षं इथे बसून मी तीनशे कंपन्यांच्या माणसांचे पगार काढले. तेवढ्या वर्षांत सगळ्या मिळून एकतीस झाल्या नसतील.

दशांश: यातल्या तुमच्या किती?

काकू: दोन. चौथी आणि सतरावी. चौथी तर घोडचूकच, ती कबूल. बाकीच्या कोणाकोणाच्या तेही सांगते. खिडकीजवळच्याच्या सहा. सारखं "झालंच, झालंच" म्हणणारीच्या आठ...

दशांश: म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक आहे. मग विचारता कशाला? शिदोरी आहे ही. जो नोकरी सोडतो त्याच्याबरोबर त्या महिन्याच्या सगळ्यांच्या चुका बांधून द्यायच्या. जाणाऱ्याला सात खून माफ. त्याला कोणी बोलणार नाही, आणि राहणाऱ्यांचा भिंतीवरच्या पडद्यावरचा चुकांचा चौकोन हिरवा. ही रीत काय मी काढली?

काकू: नाही. मी काढली.

दशांश: बघा. म्हणजे करून करून भागली आणि...

काकू: म्हण पुरी कर की.

दशांश: नको. तुमच्या शेवटच्या दिवशी नको.

काकू: आणि देवपूजेला लागली. खरंच आहे ते, दशांश.

दशांश: निदान आज तरी दशांश म्हणू नका. टीमलीडर आहे मी. काचेच्या पलीकडून सगळे बघतायत.

काकू: काचेतून ऐकू जात नाही. आणि पहिल्या आठवड्यात दशांशाचं टिंब चुकवून एका पहारेकऱ्याला दहापट पगार देणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं? बस खाली. सकाळी मी सही करायला पेनसुद्धा काढलं होतं. मग यादी वाचली. शिदोरी कोणी वाचत नाही रे, घेतात आणि जातात. मी वाचली. यातल्या अकरा चुका एकच आहेत.

दशांश: एकसारख्या.

काकू: एकच. "कामावर रुजू झाल्याची तारीख चुकली." अकरा वेळा, आणि अकराही बायकांची. मग मी मागच्या शिदोऱ्या उघडल्या. सहा वर्षांत आपल्या टीममधून सव्वीस माणसं गेली. सव्वीसही शिदोऱ्यांत हीच चूक. डबा न खाता मोजल्या मी. दोनशे चार बायका.

दशांश: आणि दोनशे चारही दुरुस्त केल्या आपण.

काकू: त्यांनी फोन केला म्हणून. ज्यांनी केला नाही त्या यादीत आल्याच नाहीत. बाळंतपणाची रजा संपवून बाई कामावर परत आली. पुढच्या पायऱ्या सांग.

दशांश: मी आता ट्रेनिंगला नाही बसलेलो, काकू.

काकू: सांग. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला.

दशांश: रजा नव्वद दिवसांच्या वर गेली की सिस्टिम तिचं खातं आपोआप बंद करते. ती आली की आपण ते नवीन माणसासारखं उघडतो. मग जुनी रुजू तारीख हाताने टाकतो.

काकू: टाकायची राहिली तर?

दशांश: परत आल्याचा दिवस हाच रुजू झाल्याचा दिवस धरला जातो.

काकू: आणि आधीची वर्षं?

दशांश: दिसत नाहीत. पण कोणी लक्षात आणून दिलं की...

काकू: कोणी म्हणजे कोणी?

दशांश: ज्याची त्याने. तसाच नियम आहे. वैयक्तिक चूक असेल तर एका तक्रारीवर एकच खातं उघडता येतं.

काकू: दिवसाला साठ-साठ खाती हाताळायची, त्यात माणूस एकदा विसरणारच. विसरला की ती त्याची वैयक्तिक चूक. ती शिदोरीत. शिदोरी दाराबाहेर गेली की सुंठीवाचून खोकला गेला. म्हणून सहा वर्षांत वरच्यांना कळलंच नाही, की ही चूक माणसांची नाही, सिस्टिमची आहे. घड्याळ बघ जरा.

दशांश: दोनला दोन मिनिटं कमी. का?

काकू: एकीला दोन वाजता फोन करायला सांगितलंय. तिच्याशी बोल, मग सहीचं बघू.

(फोन वाजतो. काकू त्याचा स्पीकर लावते.)

शिवणकरीण: हॅलो? सकाळच्या बाई आहेत का? तुम्ही म्हणालात, सुट्टी झाली की कर.

काकू: मीच बोलतेय. माझे लीडर शेजारी बसलेत. मला सांगितलंत ते यांनाही सांगा.

शिवणकरीण: साहेब, थोडक्यात सांगते, फोन शेजारणीचा आहे. मी कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवते, नऊ वर्षं झाली. आमचा एक विभाग बंद होतोय. चाळीस बायकांना काढणार. जिची नोकरी कमी ती आधी. पक्की यादी सोमवारी लागणार. सुपरवायझर म्हणाला, तुझी नोकरी दोन वर्षांची, तू यादीत आहेस. मी म्हटलं, दोन वर्षांची माझी धाकटी आहे, नोकरी नाही.

दशांश: ताई, तुमची तारीख आजच दुरुस्त होईल. पाचच्या आत कारखान्याला पत्र जाईल.

शिवणकरीण: नक्की?

दशांश: नक्की. मी स्वतः करतो.

शिवणकरीण: उपकार झाले, साहेब. नाही, उपकार कसले. माझंच होतं ते.

दशांश: हो. तुमचंच होतं.

शिवणकरीण: मग माझ्या रांगेतल्या तिघींचं काय? बाह्या जोडणारी, काजं करणारी आणि कात्रीवाली. त्याही बाळंतपणं करून आल्यात, त्याही यादीत आहेत.

दशांश: त्यांनी फोन केला होता का इकडे?

शिवणकरीण: त्यांना काय ठाऊक फोन करायचा असतो ते? कागदावर छापलंय म्हणजे खरंच असेल, असं म्हणतात. कात्रीवाली तर म्हणते, माझ्याच मोजण्यात काही चुकलं असेल. बारा वर्षं काढलीत तिने तिथे. बारा वर्षं कोणी मोजायला चुकतं का?

दशांश: त्यांना सांगा फोन करायला. प्रत्येकीने आपापला केला की...

शिवणकरीण: साहेब, एक विचारू? चाळीस म्हणजे चाळीसच काढणार ना? मी उतरले की दुसरी कोणी चढणार. त्या तिघी उतरल्या की आणखी तिघी. असं वर सरकत सरकत माझं नाव परत नाही ना लागणार?

दशांश: ते मला इथून सांगता येणार नाही.

काकू: खरं सांग तिला.

दशांश: लागू शकतं, ताई. लागेलच असं नाही. पण लागू शकतं.

शिवणकरीण: हं.

काकू: बाई, आहात ना फोनवर?

शिवणकरीण: आहे. विचार करतेय.

काकू: घाई नाही.

शिवणकरीण: घाई आहे की. आता घंटा होईल. सांगते मी त्यांना. कात्रीवाली बारा वर्षांची, मी नऊची. कापड हातात कसं धरायचं ते तिनेच शिकवलं मला. तिला बाहेर बसवून मी आत बसले, तर रस्त्यात भेटल्यावर तिच्या डोळ्याला डोळा कसा भिडवू? पण साहेब, त्यांच्याने फोन व्हायचा नाही. एकीचा नवरा फोन हातात देत नाही. दुसरीला तुमच्या त्या एक दाबा, दोन दाबा म्हणणाऱ्या बाईची भीती वाटते, मध्येच ठेवून देते. तुम्हीच बघा ना. सगळं तुमच्याकडेच तर आहे.

दशांश: बघतो.

शिवणकरीण: खरंच बघणार, की नुसतं बघतो?

काकू: मी पाचपर्यंत इथेच आहे, बाई.

शिवणकरीण: घंटा झाली. ठेवते.

दशांश: हा तुम्ही डाव टाकलात, काकू.

काकू: टाकला. तू तिला यादीतली सव्विसावी ओळ म्हणून वाचलं असतंस. मला ती तुला ऐकवायची होती.

दशांश: ऐकली. आता माझं ऐका. तिची तारीख मी आत्ता बदलतो. त्या तिघींची नावं तिच्याकडून घेऊ आणि काहीतरी करून...

काकू: काहीतरी करून तिघींचं होईल. बाकीच्यांचं? त्या एका कारखान्यात किती असतील? आणि उरलेल्या दोनशे नव्याण्णव कंपन्यांत? कोणाची बढती अडली असेल, कोणी म्हातारपणी हिशोब घ्यायला जाईल तेव्हा कळेल. त्यांना कोण फोन करायला सांगणार? एकच रस्ता आहे आणि तो तुलाही माहीत आहे. सिस्टिमचा दोष म्हणून नोंदवायचं. मग सगळी खाती उघडतात, आणि तपासणी होईपर्यंत कारखान्याला ती यादी वापरता येत नाही.

दशांश: हात दाखवून अवलक्षण. सिस्टिमचा दोष म्हटला की चौकशी. चौकशीत पहिला प्रश्न, सहा वर्षं तुम्ही काय करत होता? मग सगळ्या शिदोऱ्या उघडणार. टीमचा चौकोन लाल. आठ माणसांची पगारवाढ अडकणार. खिडकीजवळच्याने परवाच घराचं नक्की केलंय. मजल्याचा मॅनेजर म्हणून माझं नाव वर गेलंय, ते खाली येणार. बरं, माझं सोडा. तुमचं काय? या एकतीस तुमच्या नावावर असल्या तर चौकशी संपेपर्यंत तुम्हाला कार्यमुक्तीचं पत्र मिळणार नाही. आणि एक तारखेला तुम्हाला शाळेच्या ऑफिसात रुजू व्हायचंय.

काकू: माहीत आहे मला.

दशांश: घरापासून दहा मिनिटांवर. तीन वर्षं शोधत होतात तुम्ही अशी नोकरी. काकांचा उजवा हात चालत नाही, दुपारी जाऊन दोन घास भरवता येतील म्हणून. तुम्हीच रडला होतात माझ्यासमोर, ते पत्र आलं तेव्हा.

काकू: रडले होते. मघाशी काकांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, इतकी वर्षं डाव्या हाताने गार जेवतोय, अजून दोन महिन्यांनी काय बिघडतंय. आणि वर म्हणाले, पण तुझा तो दशांश ऐकणार नाही.

दशांश: काकांनाही ते नाव सांगितलंय तुम्ही?

काकू: काकांना तुझं खरं नाव ठाऊकच नाही.

दशांश: एवढं ठरलंय, तर तुम्हीच नोंदवा ना. मी अडवणार नाही. मला काही दिसलं नाही असं समजतो.

काकू: सकाळपासून तीनदा प्रयत्न केला. राजीनामा दिलेल्याला दोष नोंदवायचं बटण चालत नाही. माझ्यासाठी फक्त निरोपाचा अभिप्राय उघडतो. त्यात विचारतात, खुर्ची आरामशीर होती का?

दशांश: काय लिहिलंत?

काकू: लिहिलं, उशी घरून आणली होती. हसू नकोस. हे बघ.

दशांश: काय आहे हे?

काकू: वाच.

दशांश: राजीनामा मागे घेत असल्याबद्दल... काकू, वेड लागलंय का तुम्हाला?

काकू: पाचला माझा पासवर्ड मरतो. त्याआधी हे पत्र दिलं की मी परत कामावर. कामावरच्या माणसाला ते बटण चालतं. मी नोंदवीन.

दशांश: आणि शाळा?

काकू: शाळेला दुसरी कोणी मिळेल. त्यांनी काय माझ्या नावाची पाटी लावून ठेवली नाही. शेंडी तुटो की पारंबी, ही शिदोरी घेऊन मी या दाराबाहेर जाणार नाही.

दशांश: कशासाठी पण? तुम्ही एकटीने केलंय का हे?

काकू: सुरू एकटीने केलं. तू पहारेकऱ्याचे पैसे उधळलेस तेव्हा तुला कामाला लागून सहा दिवस झाले होते. पाणी पिताना तुझा पेला दातावर वाजत होता. त्या वेळच्या लीडरने पोर दुसऱ्या दिवशी हाकललं असतं. माझ्या शेजारी बसणारे मास्तर त्याच आठवड्यात निवृत्त होत होते. मी त्यांना म्हटलं, मास्तर, एवढी एक घेता का बरोबर? ते म्हणाले, घेतो की, मला उद्यापासून कोण विचारतंय. तुझी नोकरी वाचली. मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

दशांश: मग?

काकू: पुढच्या महिन्यात दुसरी कोणी गेली, तिच्याबरोबर दोन दिल्या. मग चार. मग कोणी मला विचारायचंही थांबलं. एका घाबरलेल्या पोरासाठी केलं ते ठीक होतं. त्याची रीत होऊ दिली ते चुकलं. त्यानंतर या मजल्यावर एकही चूक कोणाला काही शिकवून गेली नाही. म्हणतात, मेलेल्या म्हशीला मणभर दूध. आपण उलटंच केलं. जी जाईल तिलाच आटलेली ठरवलं आणि आपल्या चरव्या स्वच्छ. तिकडे ती कात्रीवाली म्हणते, माझ्याच मोजण्यात चुकलं असेल. चूक आपली आणि खजील ती. हो की नाही तेवढं सांग. सव्वादोन होऊन गेले. पत्र तुझ्याच हातात द्यावं लागतं, लीडर तू आहेस.

दशांश: द्या ते पत्र.

काकू: हे घे.

दशांश: हे माझ्या खिशात राहील. पुढे पाठवणार नाही.

काकू: मग मी वरच्या मजल्यावर जाऊन देईन. ऐक...

दशांश: तुम्ही ऐका. तो कीबोर्ड इकडे सरकवा. माझं बटण चालतं.

काकू: रागाच्या भरात करू नकोस.

दशांश: रागाच्या भरात नाही करत. वाचत जातो, चुकलं तर थांबवा. दोषाचा प्रकार, सिस्टिम. कोणत्या कामात, रजेवरून परतलेल्यांचं खातं उघडताना. परिणाम, आधीची नोकरी पुसली जाते. किती जणांवर परिणाम?

काकू: दोनशे चार सापडल्या. बाकी माहीत नाही.

दशांश: बाकी माहीत नाही. लिहिलं. तातडीचं आहे का, हो. का, सोमवारी यादी लागणार आहे. दोष आतापर्यंत का नोंदवला गेला नाही?

काकू: तिथे माझा मजकूर घाल. लिहून ठेवलाय, ड्रॉवरमध्ये वरच आहे. शिदोरी कोणी, कधी, कशी सुरू केली, सगळं.

दशांश: घालतो. लपवणार नाही तुमचं नाव.

काकू: लपवू नकोस. चौकशीला बोलावलं तर शाळेतून अर्धी रजा टाकून येईन.

दशांश: पुढचा रकाना. दोष प्रथम कोणाच्या लक्षात आला?

काकू: माझ्या. आज सकाळी.

दशांश: नाही.

काकू: नाही काय? लिही, काकू, आज सकाळी.

दशांश: माझं नाव टाकलंय.

काकू: हा मोठेपणा कोणी सांगितलाय तुला? दुसऱ्याचं अंगावर घ्यायचं हेच तर बंद करायचंय.

दशांश: मोठेपणा नाही, काकू. खरं आहे ते. सिस्टिम नवी आली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं होतं. एका परिचारिकेची अकरा वर्षं गायब झाली होती. हाच अर्ज मी निम्मा भरला होता. तेव्हा लीडर कोण होणार याची चर्चा चालू होती. म्हटलं, पुढच्या महिन्यात भरू.

काकू: सहा वर्षांपूर्वी?

दशांश: सहा वर्षांपूर्वी. मग मी लीडर झालो, आणि मग ते भरलं तर माझेच बारा वाजणार होते. पहिल्यांदा झोप उडाली. नंतर सवय झाली. शिदोरी होतीच.

काकू: वाईट वाटलं रे. राग नाही येत, वाईट वाटलं. मला वाटत होतं, तुला दिसलंच नसेल. दिसलं असतं तर बोलला असता, माझ्या हाताखाली शिकलाय.

दशांश: तुमच्याच हाताखाली शिकलो, काकू.

काकू: हो. तेही खरंच.

दशांश: तारीख सहा वर्षांपूर्वीची टाकलीय. पाठवू?

काकू: एकदा तारीख नीट बघ.

दशांश: बघितली. पाठवला.

काकू: झालं?

दशांश: झालं. कारखान्याची यादी थांबल्याचा निरोप पाच मिनिटांत जाईल. आता त्या चौघींची खाती आधी उघडतो. कात्रीवालीचं पहिलं.

काकू: आणि टीमला कोण सांगणार? चिडतील. खिडकीजवळचा तर आयुष्यभर बोलायचा नाही.

दशांश: मी सांगतो. आत्ताच. या एकतीस ज्याच्या त्याला परत. तुमच्या दोन तुम्हाला, त्याखाली सही करा आणि कार्यमुक्तीचं पत्र घेऊन जा.

काकू: आणि तुझी?

दशांश: ती आधी वाचून दाखवतो.